आठवडाभर उशिरा येणारी चिठ्ठी

शनिवार, ११ ऑगस्ट

दादा,

माझं अक्षर बघून तू पाकीट न उघडताच फाडशील, म्हणून वरचा पत्ता आमच्या दुकानाच्या मास्तरांकडून लिहून घेतला. आता उघडलंच आहेस तर वाच. घरी कोणी आजारी नाही, कोणाचं लग्न नाही, मला काही नको आहे. तुझा पत्ता मामीने दिला नाही. तिची पर्स उघडी होती आणि मी जवळ होते, एवढंच.

तीन वर्षांत तू माझा एकही फोन उचलला नाहीस, म्हणून पत्र. तिकडे गॅरेजमध्ये तू हेड फिटर झालास म्हणे. हेही पर्समध्येच होतं.

मी आता चष्म्याच्या दुकानात आहे. भिंगं घासते. गोल काच येते, ती चाकावर धरून फ्रेमच्या मापाची करायची. केसभर जास्त घासली गेली की काच फ्रेममधून टपकन खाली. पहिल्या महिन्यात अकरा फोडल्या. मास्तर म्हणाले, "एक डझन होऊ दे, मग बोलू." बारावी मी फोडलीच नाही. मला काय बोलतात ते ऐकायचं नव्हतं.

पण पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. इथे एक भानगड झालीय. (मी केलीय. तू उगाच मला भानगड म्हणायचास का?)

आमच्याकडे भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता असतो ना, वर मोठं अक्षर, खाली बारीक बारीक होत जाणारं. तो तक्ता इतका जुना होता की अर्ध्या गावाला पाठ. आपल्या मुख्याध्यापिकाबाई, ज्यांनी मला नववीत दोनदा बसवलं, त्या आल्या, खुर्चीत बसल्या आणि डोळे मिटून घडाघडा म्हणून दाखवला. वर म्हणतात, "बघा, नजर उत्तम आहे." आणि जाताना काचेच्या दारावर आपटल्या.

मग मी रविवारी नवा तक्ता केला. अक्षरांऐवजी वाक्य.

दार उघडं होतं
म्हणून मी आत गेले
आणि बघते तर

आणि त्याच्याखाली एकदम बारीक, मुंगीच्या पायाएवढी ओळ. खरं सांगू? त्या ओळीत काहीच नाही. नुसत्या रेघोट्या. पण हे फक्त मला माहीत.

सोमवारी पहिल्याच बाई आल्या. तीन ओळी वाचल्या. चौथीवर अडल्या. मान पुढे, मान मागे, चष्मा वर, चष्मा खाली. हरतील तर बाई कसल्या! म्हणाल्या, "आणि बघते तर सगळी मुलं आपापल्या जागेवर गप्प बसलेली. म्हणजे ती शाळा माझी नव्हती."

मास्तर हसून हसून खुर्चीला धरून उभे राहिले. मला वाटलं आता नोकरी गेली. तर म्हणाले, "पुढच्या सोमवारी दुसरं कर." आणि काउंटरवर चष्म्याची एक रिकामी डबी ठेवली, कोणाला चौथ्या ओळीत काय दिसलं ते चिठ्ठीवर लिहून टाकायला. शनिवारी सगळ्या चिठ्ठ्या काचेला चिकटवतो.

आता ज्यांना चष्मा लागत नाही तेही येतात. केशकर्तनवाल्याने लिहिलं, "बघतो तर खुर्चीत मीच, आणि माझे केस कापायला कोणी नाही." शिट्टीकाकांनी, म्हणजे बाबांच्या बसचे कंडक्टर, विसरला नसशील, त्यांनी लिहिलं, "बघतो तर सगळ्या सीटा रिकाम्या आणि सगळे उभे. का? म्हणे, आधी कोणी बसायचं ते ठरत नाहीये."

बाबा बरे आहेत. रोज दुपारी बस डेपोत लावून मला डबा द्यायला दुकानात येतात. तक्त्यासमोरच्या स्टुलावर पाच मिनिटं बसतात, काही बोलत नाहीत, जातात. तुझं नाव घरात कोणी काढत नाही. ज्या कारकुनाने तेव्हा डेपोतून बाबांना फोन करून तू कामावर येत नाहीस अशी चुगली केली, त्याला मी कधी माफ करणार नाही, एवढं सांगून ठेवते.

तू चौथ्या ओळीत काय लिहिशील? मला खरंच जाणून घ्यायचंय. पत्र नको लिहूस. नुसती ओळ पाठव.

भानगड

रविवार, १९ ऑगस्ट

दादा,

तू ओळ पाठवली नाहीस. ठीक आहे. मी चिकट आहे, तुला माहीत आहे.

मला एक कोडं पडलंय. सांगायला तुझ्याशिवाय कोणी नाही, कारण बाकीच्यांवर माझा संशय आहे.

गेल्या सोमवारी तक्ता बदलला. नवं वाक्य असं:

मला एक वस्तू सापडली
ती माझी नव्हती
तरी मी ती

शनिवारी डबी उघडली. बावीस चिठ्ठ्या वस्तूच्या. आणि एक दाराची! म्हणजे आदल्या आठवड्याच्या वाक्याची. कोणीतरी एक आठवडा मागे आहे. चिठ्ठीवर नाव नाही. अक्षर एवढं मोठं की चार शब्दांत कागद संपलाय, मग आडवं लिहिलंय, मग कडेने. एका ओळीवर दुसरी चढलीय. बाईंना दाखवलं, त्यांनी लाल पेनने "अक्षर सुधारा" लिहून परत दिलं. त्या सगळ्याच चिठ्ठ्या तपासतात, मास्तरांनी परवानगी दिलेली नाही तरी.

उतरवून पाठवते:

"दार उघडं होतं म्हणून मी आत गेलो आणि बघतो तर घर माझंच. फक्त चपलांचा एक जोड कमी होता. मी परत बाहेर आलो. दार तसंच ठेवलं, उघडं."

मास्तरांनी वाचली आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले. मी म्हटलं, "कोण असेल हो?" म्हणाले, "तू भिंगं घास." म्हणजे त्यांनाही माहीत नाही. माहीत असतं तर म्हणाले असते, "तुला काय करायचंय?" माणसं अशीच कळतात.

मी यादी केलीय. केशकर्तनवाला नाही, त्याला सगळीकडे स्वतःचंच दिसतं. बाई नाहीत, त्या उशिरा येणाऱ्यांना वर्गाबाहेर उभं करतात. पोस्टातला दाढीवाला असू शकतो, पोस्टाला उशिराची सवय आहे.

पुढच्या शनिवारी बघू तो वस्तूचं लिहितो का. लिहिलं तर तो नक्की एक आठवडा मागे चालतो. असं का चालेल कोणी? घड्याळ मागे असतं हे ऐकलंय, माणूस मागे?

भानगड

शनिवार, १ सप्टेंबर

दादा!

बुधवारी तुझं पाकीट आलं. आत एक चिठ्ठी, ना नमस्कार ना खाली नाव. मी चाकावर काच तशीच धरून वाचत राहिले, काच गेली. बारावी. मास्तर काही बोलले नाहीत. डझनाचं गूढ गूढच राहिलं.

"मला एक वस्तू सापडली, ती माझी नव्हती, तरी मी ती खिशात घातली. एका माणसाचा राग. माझ्या मापाचा नव्हता. तीन वर्षं वापरला, आता अंगात बसायला लागलाय."

मी ती काचेला लावली नाही. माझ्याजवळ आहे.

कोडं सुटलं. पण दादा, ते सुटायला नको होतं.

गेल्या शनिवारी त्या आठवडाउशिऱ्याची चिठ्ठी आली. वस्तूचीच! कविता होती.

सापडली एक हाक
कोणाची तरी पडलेली.
जमा करायला गेलो तर म्हणाले,
रंग सांगा, आकार सांगा.
म्हटलं, दिसली नाही.
ऐकू आली.

कागद उलटा करून पाहिला तर तो तिकीट मशीनच्या गुंडाळीचा तुकडा. मी लगेच शिट्टीकाकांना गाठलं. डेपोच्या नळावर तोंड धूत होते.

"काका, कवी झालात, सांगितलं नाहीत?"

"मी? मला एका ओळीत दम लागतो गं. कागद माझा असेल. आमचे ड्रायव्हरसाहेब मागून घेतात."

"बाबा?"

"हो. दर शनिवारी विचारतात, या आठवड्याचं वाक्य काय होतं रे? मी सांगतो. मग रविवारभर गप्प."

दादा, मी घरी जाईपर्यंत फक्त हसत होते. आपले बाबा! ज्यांनी मला जन्मात "जेवलीस का" पलीकडे काही विचारलं नाही, ते कविता करतात! आणि अक्षर? त्यांचं अक्षर तर मुंग्यांची रांग. तू म्हणायचास, बाबांचं पत्र वाचायला भिंग लागतं. हे अक्षर तर भिंतीवरच्या जाहिरातीसारखं.

आणि घराच्या पायरीवर मी थांबले. बाबा रोज तक्त्यासमोर पाच मिनिटं बसतात. रोज. मग शिट्टीकाकांना विचारायची गरज काय?

मला शहाणपण नाही, पण कुतूहल आहे, ते फार वाईट असतं. सोमवारी मी बाबांच्या वाटेवरच्या एका स्टॉपवर उभी राहिले, एकटीच. बस आली, दहा पावलांवर आली. मी बाबांकडे बघून पूर्ण जीभ बाहेर काढली आणि दोन्ही कान धरून हलवले. बाबांची नजर सरळ माझ्यावर. कपाळावर आठीसुद्धा नाही. शिट्टीकाका आतून म्हणाले, "एक बाई आहेत, डाव्या हाताला," तेव्हा बस थांबली.

मी चढले आणि गुपचूप मागच्या सीटवर बसले. शिट्टीकाका पूर्वी बसभर हिंडायचे ना? आता दोन स्टॉपच्या मध्ये ते बाबांच्या खांद्याशी उभे असतात आणि हळू आवाजात बोलत असतात. लोकांना वाटतं गप्पा चालल्यात. मी कान टवकारले. "सायकल. गेली. लाल. अजून लाल. हिरवा. पुढे हातगाडी, बाहेरून घ्या." असं सगळा रस्ता. त्या बसमध्ये बावन्न सीटा आहेत. मी मोजल्या. उभे होते ते वेगळे.

उतरल्यावर मी काकांना म्हटलं, "हे कधीपासून?"

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "सव्वा वर्ष. दोन वर्षांत निवृत्त होतील. तेवढं ओढतो."

"आणि एखादे दिवशी तुम्हाला शिंक आली तर?"

काका शिट्टी वाजवून निघून गेले.

मी काय करू? आईला सांगितलं तर ती रडेल आणि बाबा तिला गप्प करतील. मी सांगितलं तर म्हणतील, "थट्टा पुरे." माझं कोण खरं मानतं? लांडगा आला म्हणून मी इतक्यांदा ओरडलेय.

तू सांग. ओळ नको आता. पत्र लिही.

भानगड

मंगळवार, ११ सप्टेंबर

दादा,

तुझं पत्र नाही. आता वेळही नाही.

डेपोत नवे साहेब आलेत. दर वर्षी ड्रायव्हर लोकांचे डोळे तपासतात ना, तो डेपोतला तक्ता पंधरा वर्षं तोच आहे, सगळ्यांना तोंडपाठ. कोणीतरी साहेबांना सांगितलं की एका दुकानात दर आठवड्याला तक्ता बदलतो, तिथे पाठ करून चालत नाही. साहेब खूश. येत्या गुरुवारी नऊ ड्रायव्हर आमच्याकडे. एकेक आत, दार बंद, तपासून झालं की मागच्या दाराने बाहेर, म्हणजे आत काय लिहिलंय ते बाहेरच्यांना कळायला नको. नऊ जणांत बाबा सातवे.

म्हणजे माझ्याच खोडीने बाबांना पकडलं. पाठ करून चाललं असतं तर ते आणखी दोन वर्षं निभावून गेले असते. किंवा बावन्न माणसं... ते मी लिहीत नाही.

आज संध्याकाळी मी भांडी पुसत होते. बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. ते कधी तिथे येत नाहीत. पाणीसुद्धा बाहेरच्या माठातून स्वतः घेतात, कोणाकडे मागत नाहीत.

"गुरुवारचं वाक्य ठरलं का गं?"

"ठरलंय."

"तूच लिहितेस ना?"

"हो."

"अवघड आहे का?"

मी भांडं पुसत राहिले. पुसलेलंच. मग ते म्हणाले, "मला सांगून ठेव. असंच. उत्सुकता म्हणून."

दादा, त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा काहीतरी मागितलं. वीस वर्षांत पहिल्यांदा. आणि मागितलं ते हे.

मी सांगितलं.

झाडाखाली बाक होता
बाकावर कोणी नव्हतं
छत्री मात्र होती

त्यांनी तीनदा म्हटलं, शाळेतल्या पोरासारखं, दुसऱ्या ओळीला अडखळले, परत म्हटलं. मग म्हणाले, "चांगलं आहे. छत्री कोणाची असेल?" आणि बाहेर जाऊन बसले.

मला वाटतं ते खरंच विचार करत होते, छत्री कोणाची.

भानगड

गुरुवार, १३ सप्टेंबर

दादा,

हे पत्र शेवटपर्यंत वाचलंस तर मग माझ्याशी जन्मभर बोलू नकोस, मी तक्रार करणार नाही. पण शेवटपर्यंत वाच.

सकाळी मी दुकान उघडलं. मास्तर यायचे होते. भिंतीवर झाडाखालचा बाक. मी स्टूल घेतलं, तो तक्ता काढला, गुंडाळी केली आणि दुसरा लावला.

एका बाईने
सगळ्या खिडक्या
पुसून काढल्या

पहिल्यांदा उलटाच लागला, परत काढून सरळ लावला. एवढ्या खोड्या केल्या, बाईंच्या खुर्चीला डिंक लावला, मामाच्या मिशीला कात्री लावली, कधी हात चुकला नाही.

मास्तरांनी आल्यावर तक्ता बघितला. त्यांना बाकाचं माहीत होतं. म्हणाले, "बदललास?" मी म्हटलं, "हो." "का?" मी म्हटलं, "नंतर सांगते." ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तपासणीची जड फ्रेम तू घाल सगळ्यांना. मी नंबर लिहितो."

सहा जण गेले. सगळ्यांना खिडक्या दिसल्या. एकाने तर चौथी ओळही सांगितली, "आणि मग पगार वाढवून मागितला." मास्तरांनी त्याला पास केलं.

सातवे बाबा. दाढी केलेली, स्वच्छ शर्ट. खुर्चीत बसले. मी त्यांच्या नाकावर ती जड फ्रेम ठेवली. एवढ्या जवळून मी त्यांचे डोळे कधी पाहिले नव्हते. मध्ये ढग होता. दुधाळ.

"वाचा," मास्तर म्हणाले.

बाबा स्पष्ट आवाजात म्हणाले, "झाडाखाली बाक होता. बाकावर कोणी नव्हतं. छत्री मात्र होती."

आणि वाट बघत बसले, शाबासकीची.

मास्तरांनी लिहिणं थांबवलं. माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे. बाहेरच्या बाकावर आठवा ड्रायव्हर खोकला.

"इथे हे लिहिलेलं नाही," मास्तर म्हणाले. हळूच म्हणाले, उगाच त्यांच्याबद्दल वाईट मत नको.

"मग काय लिहिलंय?"

"तुम्ही सांगा."

बाबांनी मान पुढे केली. मग मागे. मग ती फ्रेम स्वतः काढली आणि मांडीवर ठेवली. मास्तरांकडे नाही, मी उभी होते तिकडे तोंड करून म्हणाले, "तू बदललंस."

"हो."

"मला चुकीचं सांगितलंस."

"बरोबर सांगितलं होतं. नंतर बदललं. बाबा, बसमध्ये बावन्न सीटा आहेत."

मग माझ्या तोंडून ते निघालं. ठरवलं नव्हतं, दादा, शप्पथ. पण एकदा बुडी मारल्यावर नाक कशाला धरायचं. मी म्हटलं, "आणि तीन वर्षांपूर्वीचा तो फोनसुद्धा मीच केला होता."

वाचलंस? परत लिहिते. डेपोचा कारकून नव्हता. मी होते. "तुमचा मुलगा तीन दिवस कामावर आलेला नाही" असं नाकातून बोलले, फोनवर रुमाल धरून. मला वाटलं बाबा तुला विचारतील, तू म्हणशील मी तर रोज जातोय, दोघं गोंधळाल, आणि मी हसेन. बाबा सरळ डेपोत जातील, तू बसखाली काम करत असशील म्हणून त्यांना दिसणार नाहीस, आणि बाहेर आल्या आल्या सगळ्या कामगारांसमोर तुला मारतील, हे मला कुठे माहीत होतं? तू "तुम्हाला डोळे असून दिसत नाही" म्हणालास आणि निघून गेलास. मी त्या दिवशी रात्रीपर्यंत सांगणार होते. मग दुसऱ्या दिवशी. मग महिना झाला. मग कारकुनाला शिव्या देणं सोपं होतं.

बाबा म्हणाले, "ठाऊक आहे."

"काय?"

"आवाज. डोळे गेलेत माझे, कान नाही. दुसऱ्याच दिवशी कळलं, तू शेजारच्या मावशींना फोनवर तसंच फसवत होतीस, त्याच नाकातून."

"मग दादाला का सांगितलं नाहीत?"

ते फ्रेमचा दांडा उघडत मिटत राहिले. "काय सांगणार? पोरीच्या थट्टेवर पोराला मारलं? त्याला न विचारता?" आणि मग, "मला वाटलं, तो माझ्यावर रागावलेला बरा. तुझ्यावर रागावला तर तुला कोण होतं?"

दादा, मी तिथेच खाली बसले, फरशीवर, घासताना पडलेल्या काचेच्या तुकड्यांत.

मास्तरांनी बराच वेळ नाक शिंकरलं. मग कागदावर लिहिलं ते त्यांनी बाबांना वाचून दाखवलं: दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनने निघतो, तोपर्यंत बस चालवू नये, नंतर परत तपासणी. बाबा म्हणाले, "बस आता कोण नेणार?" मास्तर म्हणाले, "दुसरं कोणीतरी. तुम्ही तेवढ्यात चार ओळी लिहा." बाबांचे कान लाल झाले. त्यांना वाटत होतं कोणाला माहीत नाही.

मागच्या दारापाशी थांबून म्हणाले, "तिथे काय लिहिलं होतं?"

मी सांगितलं, एका बाईने सगळ्या खिडक्या पुसून काढल्या.

म्हणाले, "बरं आहे. बाकाचं जास्त चांगलं होतं."

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन सोमवार, १ ऑक्टोबरला, मोठ्या सरकारी दवाखान्यात, दुसरा मजला. कळवलं एवढंच. ये म्हणायचं तोंड मला नाही.

ती

गुरुवार, ४ ऑक्टोबर

दादा,

ऑपरेशन नीट झालं. पट्टी काढली. बाबांनी पहिली गोष्ट काय पाहिली सांगू? आईच्या केसांकडे बघून म्हणाले, "एवढे पांढरे कधी झाले?" आई तीन दिवस त्यांच्याशी बोलत नाहीये. घरात आनंद आहे.

डेपोने त्यांना तात्पुरतं गाड्या सोडायच्या खिडकीत बसवायचं ठरवलंय. शिट्टीकाकांच्या बसवर नवा ड्रायव्हर आहे. सवयीने काका अजून त्याच्या कानाशी उभे राहतात, "सायकल, लाल," तर तो चिडून म्हणाला, "मला दिसतंय हो!" काका म्हणाले, तीन स्टॉप झोपच आली, एवढा आराम.

आता तुझ्याबद्दल.

सोमवारी बाबा मला आणि आईला नको म्हणून शिट्टीकाकांबरोबर गेले होते. मास्तरांनी मला चार वाजता सोडलं. मी धावत दवाखान्यात गेले. बाबा झोपले होते. उशाशी पाण्याची बाटली होती, आपल्या घरची नाही. शेजारच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले, "आत्ताच गेला की मुलगा. सकाळपासून होता. जिन्यात भेटला असेल."

मी जिन्याने नव्हते आले, लिफ्टने आले होते. दोन्ही जिने उतरून पाहिले, फाटकापर्यंत गेले, बसथांब्यावर पाहिलं. मग परत वर येऊन नर्सला विचारलं. तिने फाईल दाखवली. (दाखवली नाही. ती वळली आणि मी उघडली.) संमतीच्या कागदावर सही तुझी. नातं: मुलगा. तो शब्द तू दाबून लिहिलायस, मागच्या कागदावर उमटलाय.

बाबांना विचारलं, दादा काय म्हणाला? म्हणाले, "काही नाही." सकाळपासून चारपर्यंत काही नाही? "डबा खाल्ला." अजून? "पाय चेपले." अजून काय, बाबा? म्हणाले, "तुला काय करायचंय?" म्हणजे त्यांना सगळं माहीत आहे आणि सांगणार नाहीत. मला इतकं जाणून घ्यायचंय की रात्री दात दुखतात. पण मी दारापाशी कान लावलेला नाही, उशी चाचपलेली नाही, मामीच्या पर्सला हात लावलेला नाही. तुम्हा दोघांचं आहे ते.

तू मी यायच्या आधी निघून गेलास. चुकून नाही, मला कळतंय. मी कधी सुटते ते बाबांना विचारलं असशील.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन येत्या सोमवारी नाही, त्याच्या पुढच्या, १५ तारखेला. त्याच मजल्यावर. त्या दिवशी मी पाच वाजेपर्यंत दुकानातच थांबणार आहे. मास्तरांनी सोडलं तरी निघणार नाही, काचा घासत बसेन. तोवर मधूनच कुठून उगवणार नाही, खांबामागे नाही, नर्सचा कोट घालून नाही. तू निवांत बस त्यांच्याजवळ.

पाचला मी दुकान बंद करेन. चालत यायला वीस मिनिटं लागतात. मी समोरच्या जिन्याने येईन आणि पावलं वाजवत येईन, म्हणजे तुला लांबूनच कळेल. मागचा जिनाही आहे.

भानगड